शिरक्याचे सरबत: एका रसायनशास्त्राच्या शिक्षिकेचा अनुभव

मराठी स्वयंपाकघराला आंबटाची वानवा कधीच नव्हती. आमसूल, चिंच, कैरी, लिंबू, आवळा, ताक हे सारे आपापल्या ऋतूत आणि आपापल्या पदार्थांत इतके मुरलेले आहेत की त्यांच्या जोडीला शिरका कशाला हवा, असा प्रश्नही बहुतेक घरांत पडत नाही. वसई-वांद्र्याच्या ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या मराठी ख्रिस्ती घरांत आणि मुंबईच्या पारशी-इराणी घरांत शिरक्याची बाटली पिढ्यानपिढ्या फडताळात असते; आमच्यासारख्यांकडे मात्र तो ‘व्हिनेगर’ या नावाने, चायनीज करण्यासाठी आणलेल्या छोट्या बाटलीतून आला आणि तिथेच राहिला. त्यामुळे शिरका घालून सरबत करतात, ते उन्हाळ्यात थंडावा म्हणून आणि जेवणाबरोबर पाचक म्हणून पितात, आणि या पेयामागे हजार वर्षांहून जुना वैद्यकीय इतिहास आहे, हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळले. गेल्या उन्हाळ्यात मी ते स्वतः केले, प्यायले आणि जमेल तेवढे मोजूनही पाहिले. ज्यांना कोणी ना कोणी ‘शिरका घ्या, साखर उतरेल’ असा सल्ला देत आहे, त्यांच्या उपयोगी पडावा म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

मी मध्य मुंबईतील एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. जानेवारीतील वार्षिक तपासणीत माझे एचबीएवनसी, म्हणजे रक्तातील साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा आकडा, ६.१ टक्के आले. ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या अलीकडची पायरी मानतात आणि ६.५ पासून मधुमेह धरतात. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी औषध दिले नाही. रात्रीचा भात कमी करा, रोज चाला आणि सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासा, एवढेच सांगितले. ही बातमी शिक्षकांच्या खोलीत पोहोचली तेव्हा प्रत्येकाने आपापला उपाय सुचवला. कारल्याचा रस, भिजवलेले मेथीदाणे, जांभळाच्या बियांची पूड आणि सगळ्यांत आग्रहाने ॲपल सायडर व्हिनेगर, तेही सकाळी उठल्याबरोबर, अनशापोटी, कोमट पाण्यातून. आमची इंग्रजीची सहशिक्षिका शिरीन तेवढी गप्प होती. नंतर जिना उतरताना ती म्हणाली, “अगं, शिरका असा नाक दाबून कशाला प्यायचा? आमच्याकडे त्याचं सरबत करतात. मम्मीकडे ये, ती दाखवेल.”

शिरीनचे आजोबा इराणमधील यझ्दहून मुंबईत आले. शहरातील इराणी हॉटेले चालवणारी बरीच कुटुंबे यझ्द आणि केरमान या भागांतूनच आलेली आहेत, आणि त्यांच्यापैकी काहींच्या घरांत चहा-ब्रून-मस्क्याच्या पलीकडची जी इराणी खाद्यपरंपरा टिकून आहे, तिच्यात हे सरबत येते. त्याचे नाव सिकंजबीन. इराणमध्ये ते आजही घरोघरी होते. नवरोजनंतरच्या तेराव्या दिवशी लोक घराबाहेर मोकळ्या हवेत दिवस घालवतात, तेव्हा लेट्यूसची कोवळी पाने या पाकात बुडवून खाण्याची तिथे प्रथा आहे. ही कल्पना मात्र फार जुनी आहे. मध आणि शिरका एकत्र करून केलेले पेय ग्रीक वैद्य ऑक्सिमेल या नावाने रुग्णांना देत. हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या लेखनात, तीव्र आजारांतील पथ्यपाण्याची चर्चा आहे तिथे, त्याचे गुणदोष दिलेले आहेत. इसवी सन १०३७ मध्ये वारलेले थोर वैद्य इब्न सीना यांनीही सिकंजबीनवर लिहिले. पुढे युनानी वैद्यकाबरोबर ते भारतात आले. युनानी विचारात शिरका थंड आणि कोरडा, तर मध उष्ण. एकाची तीव्रता दुसऱ्याने सावरावी आणि पेय मध्यम प्रकृतीचे व्हावे, असा त्यामागचा हेतू. हा हेतू मी लक्षात ठेवला, कारण पुढे माझा सगळा प्रश्न याच दोघांच्या प्रमाणाशी येऊन थांबला.

मेहेरआंटींनी, म्हणजे शिरीनच्या आईंनी, येताना शिरका घेऊन ये असे सांगितले होते, आणि बाटली कुठली आणायची तेही बजावले होते: उसाचा, नवसारीचा, गडद तपकिरी. नवसारीच्या कोलाह यांचा उसाचा शिरका पारशी स्वयंपाकात फार मानाचा आहे आणि मुंबईतील पारशी दुकानांत तो मिळतो. वाण्याकडील पांढराशुभ्र व्हिनेगर त्यांना चालणार नव्हता. हा फरक केवळ चवीचा नाही, हे इथे सांगितले पाहिजे. उसाच्या, सफरचंदाच्या किंवा जांभळाच्या रसातील साखरेचे यीस्ट आधी अल्कोहोल करते आणि मग हवेच्या संपर्कात ॲसिटोबॅक्टर जातीचे जीवाणू त्या अल्कोहोलचे ॲसिटिक आम्ल करतात. ही दुसरी पायरी जिवंत सूक्ष्मजीवांचे काम आहे, हे लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात दाखवून दिले. स्वस्त पांढऱ्या बाटलीत पुष्कळदा कारखान्यात तयार केलेले ॲसिटिक आम्ल पाण्यात मिसळलेले असते. आपल्याकडील अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार अशा बाटलीवर ‘सिंथेटिक’ असे छापावे लागते आणि दोन्ही प्रकारांत आम्ल किमान ३.७५ टक्के असावे लागते. आम्ल दोन्हीकडे तेच; पण उसाच्या शिरक्यात त्याबरोबर रसातील इतर द्रव्ये, रंग आणि वास येतात, आणि पिण्याच्या पदार्थात तो वास फार महत्त्वाचा ठरतो.

किमान ३.७५ म्हणजे नेमके किती, हे जाणून घेतल्याशिवाय मला चैन पडेना. अकरावी-बारावीची मुले प्रयोगशाळेत अनुमापन करतात, म्हणजे ठरावीक तीव्रतेचा अल्कली थेंबाथेंबाने घालून आम्ल किती आहे ते मोजतात, त्याच साहित्यावर मी महाविद्यालय सुटल्यानंतर माझ्या बाटलीतील शिरका तपासला. दहा मिलिलिटर शिरका पाणी घालून शंभर मिलिलिटर केला, त्यातील दहा मिलिलिटर शंकूपात्रात घेतला आणि आम्ल संपताच गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकून वरून ब्युरेटमधून ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड सोडत गेले. उसाचा शिरका गडद असल्यामुळे गुलाबी छटा दिसायला अवघड जाते. पात्राखाली पांढरा कागद ठेवून, थेंबाथेंबाने, पात्र सतत फिरवत काम करावे लागले. साडेसात मिलिलिटरच्या खुणेजवळ फिकट चहासारखा दिसणारा द्राव एकाएकी गुलाबीसर झाला आणि तसाच राहिला. गणित केल्यावर आम्लाचे प्रमाण सुमारे साडेचार टक्के निघाले. म्हणजे जेवणाच्या मोठ्या चमचाभर, पंधरा मिलिलिटर शिरक्यात पाऊण ग्रॅमहून थोडे कमी ॲसिटिक आम्ल. पुढचे सगळे हिशेब मी याच आकड्यावर केले.

मेहेरआंटी दादरच्या पारशी कॉलनीत राहतात. एप्रिलमधील एका रविवारी दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही सिकंजबीन केले. त्यांचे माप वाटीचे होते: चार वाट्या साखर, दोन वाट्या पाणी, एक वाटी शिरका आणि पुदिन्याची एक भरगच्च जुडी. त्यांची ती लहान वाटी मी मापून घेतली, ती शंभर मिलिलिटरची भरली, आणि चार वाट्या साखरेचे वजन साधारण ३४० ग्रॅम झाले. पूर्वी मध वापरत, पण घरी कायम साखरच पाहिली, असे त्या म्हणाल्या. पातेले स्टीलचे घ्यायचे, ॲल्युमिनियमचे नाही, हे त्यांनी आवर्जून सांगितले. आमच्याकडेही कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात चिंचेचे सार किंवा ताक कधी ठेवू देत नसत, ते याच कारणाने. आम्ल धातू खाते आणि तो धातू पोटात जातो.

साखर आणि पाणी आधी उकळायचे. साखर पूर्ण विरघळून पाक पारदर्शक झाला की शिरका ओतायचा. ओतल्याबरोबर जी वाफ वर येते, ती थेट नाकात आणि डोळ्यांत शिरते. मेहेरआंटींनी आधीच खिडकी उघडली होती आणि मला दोन पावले मागे उभे केले होते. मग आच मंद करून वीस-पंचवीस मिनिटे पाक उकळत ठेवायचा. या वेळात एक गोष्ट घडते, जी चवीने कळत नाही पण बाटलीत नंतर दिसते: आम्ल आणि उष्णता यांमुळे साखरेच्या काही भागाचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन होते, आणि त्यामुळे इतका दाट पाक असूनही त्यात पुन्हा खडे धरत नाहीत. आपण साखरेच्या पाकात लिंबू पिळतो, तेही याचसाठी. “डिकरा, घाई नको,” मेहेरआंटी सारख्या म्हणत होत्या, “शिरक्याचा कच्चा वास गेला पाहिजे.” आणि खरोखर, काही वेळाने नाकाला झोंबणारा तो वास बदलला, त्यात गुळाच्या गुऱ्हाळाची आठवण करून देणारी एक खमंग छटा आली.

गॅस बंद केल्यावर पुदिन्याची जुडी देठांना दोरा बांधून त्या गरम पाकात सोडली आणि झाकण ठेवले. पाला आधीच घातला तर सुगंध वाफेबरोबर निघून जातो. पाक निवेपर्यंत पानांचा हिरवा रंग पार उतरला आणि ती मळकट, शेवाळी तपकिरी झाली. आम्लामुळे हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाते म्हणून हा रंगबदल होतो. पण पाकात मात्र पुदिन्याचा वास इतका स्वच्छ उतरला होता की जुडी उचलून पिळताना मेहेरआंटींची बोटे दिवसभर दरवळत राहिली असतील. सगळा पाक जेमतेम चारशे मिलिलिटर झाला.

प्यायला देताना त्यांनी काचेच्या उंच ग्लासात दोन मोठे चमचे पाक घातला, त्यावर थंड पाणी ओतले आणि किसलेली काकडी, बर्फ आणि पुदिन्याची दोन ताजी पाने घातली. मी या पहिल्या घोटाबद्दल जरा थांबून लिहिणार आहे, कारण शिरक्याचे पेय म्हटल्यावर लोक तोंड वाकडे करतात आणि ते अन्यायाचे आहे. ओठाला आधी गोड लागते, मग जिभेच्या कडांना आंबट, आणि घोट उतरल्यावर घशात एक हलकी ऊब राहते, जी लिंबाच्या किंवा कोकमाच्या सरबतात मुळीच नसते. लिंबाचा आंबटपणा तोंडातच संपतो. याचा वास श्वासाबरोबर मागून नाकात येतो, कारण ॲसिटिक आम्ल उडून जाणारे आहे. काकडीचा कीस या तीव्रतेला शांत करतो आणि चावायला काहीतरी देतो. मे महिन्याच्या तोंडावर, मुंबईच्या त्या चिकट दमट दुपारी, हे पेय मला पन्ह्याच्या खालोखाल आवडले, आणि पन्ह्यावर माझे फार प्रेम आहे.

घरी आणलेल्या बाटलीवर मात्र मी रात्री बसून हिशेब केला, आणि तो हिशेब या अनुभवाचा गाभा आहे. चारशे मिलिलिटर पाकात ३४० ग्रॅम साखर, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांत, तीस मिलिलिटरमध्ये, पंचवीस ग्रॅम. चहाचे पाच चमचे साखर. त्याच तीस मिलिलिटरमध्ये शिरका येतो जेमतेम साडेसात मिलिलिटर. शिरक्याच्या ज्या मात्रेवर अभ्यास झाले आहेत, ती रोजची पंधरा मिलिलिटरच्या पुढची मात्रा या सरबतातून मिळवायची तर एका वेळी साठ मिलिलिटर पाक घ्यावा लागेल आणि त्याबरोबर पन्नास ग्रॅम साखर पोटात जाईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत, आणि शक्यतो पाच टक्क्यांच्या आत असावी. दोन हजार उष्मांकांच्या आहारात हे अनुक्रमे पन्नास आणि पंचवीस ग्रॅम होतात. म्हणजे रक्तातील साखर आटोक्यात यावी म्हणून शिरका घ्यायचा आणि त्यासाठी एकाच ग्लासात दिवसभराची साखर संपवायची. मधाने हे सुटत नाही. मधाचा पाचातला चार भाग साखरच असतो.

याच सुमारास मी भेंडी बाजाराच्या बाजूला एका जुन्या युनानी औषधांच्या दुकानात गेले. तयार सिकंजबीन तिथे सहज मिळते. दुकानदाराने सिकंजबीन बजूरी दाखवली. हिच्यात कासनी, बडीशेप, काकडीवर्गातील बिया यांचा काढा असतो आणि युनानी परंपरेत ती यकृताच्या तक्रारींवर आणि लघवी साफ होण्यासाठी देतात. मी बाटली हातात घेतली तसे त्या वयस्कर गृहस्थांनी विचारले, “बहनजी, शुगर की तकलीफ तो नहीं?” माझे आकडे सांगितल्यावर त्यांनी बाटली शांतपणे माझ्या हातातून परत घेतली आणि फळीवर ठेवली. त्याऐवजी त्यांनी जांभळाचा साधा, बिनसाखरेचा शिरका पुढे केला. विकायला बसलेल्या माणसाचा हा सचोटीचा व्यवहार मला फार मोलाचा वाटला, कारण आरोग्यपेय म्हणून आकर्षक बाटल्यांत जे विकले जाते त्यात ही चौकशी कोणीही करत नाही.

आता अभ्यासांबद्दल. शिरक्याविषयी जे बोलले जाते त्यात अतिशयोक्ती पुष्कळ आहे, पण सगळेच हवेतले नाही. अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या कॅरल जॉन्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी, इन्सुलिनला कमी दाद देणारे आणि टाइप २ मधुमेह असलेले, असे एकूण २९ लोक होते. त्यांना पांढऱ्या पावाचा बेगल, लोणी आणि संत्र्याचा रस असे भरपूर पिष्टमय जेवण देण्याआधी वीस ग्रॅम ॲपल सायडर व्हिनेगर पाण्यातून दिले गेले, आणि इन्सुलिनला कमी दाद देणाऱ्या गटात जेवणानंतर इन्सुलिनला मिळणारी दाद लक्षणीय सुधारलेली दिसली. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की त्या पेयात गोडी आणण्यासाठी साखर नव्हती, सॅकरीन होते. जपानमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जास्त वजनाच्या लोकांना बारा आठवडे रोज पंधरा किंवा तीस मिलिलिटर शिरका असलेले पेय दिले. वजन कमी झाले, पण एक-दोन किलोच, आणि पेय बंद केल्यावर ते हळूहळू परत येऊ लागले. याउलट, लेबनॉनमधील तरुणांवरील ज्या अभ्यासाने २०२४ मध्ये शिरक्याने भरघोस वजन उतरल्याचा दावा केला आणि जो जगभर गाजला, तो विदा (डेटा) आणि विश्लेषण यांतील गंभीर शंकांमुळे, तो प्रसिद्ध करणाऱ्या बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांच्या समूहाने २०२५ मध्ये मागे घेतला. मागे घेतल्याची बातमी मूळ बातमीइतकी पसरली नाही. आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर तोच दावा अजून फिरतो आहे, आणि मी तिथे दर वेळी उत्तर लिहिते.

शिरका काम कसे करतो, याचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण असे आहे की ॲसिटिक आम्लामुळे जठर हळू रिकामे होते. भातातील पिष्ट आतड्यात सावकाश पोहोचले की रक्तातील साखरही सावकाश चढते. हे खरे असेल तर शिरका जेवणाबरोबर घेतला पाहिजे. सकाळी अनशापोटी घेऊन, दोन तासांनी पोहे खाल्ले तर त्याला थोपवायला पोटात काही नसते. सगळे जण जो सकाळचा मुहूर्त सांगतात, त्याला मला तरी कोणता आधार सापडला नाही.

मी ग्लुकोमीटर आणला आणि सुट्टीच्या दिवशी दुपारचे जेवण तेच ठेवून पाहिले: वजन करून घेतलेला भात, साधे वरण, एक भाजी. कधी नुसते जेवण, कधी जेवणाच्या सुरुवातीला पंधरा मिलिलिटर शिरका मोठ्या ग्लासभर पाण्यातून, तर कधी मेहेरआंटींच्या पाकाचे तेवढ्याच शिरक्याचे सरबत. जेवण सुरू केल्यापासून एका तासाने बोट टोचायचे. नुसत्या जेवणानंतर आकडा १७० च्या आसपास असे, बिनसाखरेच्या शिरक्याबरोबर बहुधा १५० ते १५५ च्या दरम्यान, आणि गोड सरबताबरोबर १९० च्या वर. घरगुती ग्लुकोमीटरला आंतरराष्ट्रीय मानकानेच पंधरा टक्क्यांपर्यंतची चूक माफ केलेली आहे, त्यामुळे १७० आणि १५५ मधील फरक हा यंत्राच्या चुकीच्या आतच बसतो, आणि एका बाईच्या बोटावरून कोणताही नियम सिद्ध होत नाही. तरीही दिशा जवळजवळ दर वेळी तीच राहिली, आणि गोड सरबताच्या बाबतीत तर शंकेला जागाच उरली नाही. माझ्या स्वतःच्या शरीरापुरता निर्णय करायला मला एवढे पुरेसे होते.

दातांचा मुद्दा मात्र मला सर्वांत जास्त तळमळीने सांगायचा आहे, कारण याविषयी सुशिक्षित माणसेही गाफील आहेत. ‘पाणी घालून घेतला की दातांना काही होत नाही’ असे सर्रास सांगितले जाते. पीएच हा आम्लता मोजणारा आकडा; तो जितका कमी तितके आम्ल तीव्र. दाताच्या वरच्या आवरणातील खनिज साधारण ५.५ च्या खालच्या पीएचला विरघळू लागते. माझ्या शिरक्याचा पीएच गणिताने सुमारे २.४ येतो. पंधरा मिलिलिटर शिरका अडीचशे मिलिलिटर पाण्यात घातला तर तो किती वर येईल? केवळ ३ पर्यंत. प्रयोगशाळेतील पीएच कागदावरही रंग त्याच खुणेला जुळला. ॲसिटिक आम्ल सौम्य आम्ल असल्यामुळे पाणी घालत गेले की त्याचे जास्त जास्त रेणू विघटित होतात आणि पीएच आपण समजतो तसा झपाट्याने चढत नाही. पाण्याचा फायदा नक्कीच आहे. घसा पोळत नाही, आणि एका घोटातील एकूण आम्ल कमी असल्यामुळे लाळ त्याला लवकर निष्प्रभ करते. पण ग्लास समोर ठेवून, काम करता करता, तासभर घोट घोट पीत बसणे हे दातांसाठी सर्वांत वाईट. मी स्ट्रॉ वापरते, जेवणाबरोबरच संपवते, लगेच साध्या पाण्याने खळखळून चूळ भरते आणि त्यानंतर किमान अर्धा तास ब्रश करत नाही, कारण आम्लाने मऊ झालेले आवरण ब्रशने अधिक झिजते. आमच्या दंतवैद्यांना हे सगळे दाखवल्यावर त्यांनी एवढेच सुचवले की रोज पिण्यापेक्षा जेवणात मिसळून खा.

रिकाम्या पोटी घेऊनही मी पाहिले होते, कारण तोच सल्ला सर्वाधिक मिळाला होता. छातीत जळजळ आणि तोंडाला पाणी सुटून मळमळ, असे दोन्ही झाले आणि तो प्रकार मी तिथेच थांबवला. डॉक्टरांना सगळी टिपणे नेऊन दाखवली तेव्हा त्यांनी काही गोष्टी स्पष्ट केल्या, त्या मी जशाच्या तशा देते. जे इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेतात, त्यांनी न विचारता शिरका सुरू करू नये, कारण साखर अवेळी खाली जाऊ शकते. जुन्या मधुमेहात काहींच्या जठराची हालचाल आधीच मंदावलेली असते, अशांना तो बाधतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर शरीरातील पोटॅशियम आधीच कमी होत असू शकते आणि शिरक्याच्या मोठ्या मात्रेने ते आणखी घटल्याची नोंद आहे. अल्सर किंवा जुनी आम्लपित्ताची तक्रार असेल तर प्रश्नच नाही. आणि कोणतीही चालू गोळी बंद करून तिच्या जागी शिरका घेणे, हे त्यांनी अतिशय कडक शब्दांत नाकारले.

एक शंका मला माझ्या वाचकांकडून अपेक्षित आहे, म्हणून तिचे उत्तर देते: आंबटच हवे तर मग आपले कोकम का नको? कोकमातील आम्ल मुख्यतः हायड्रॉक्सिसायट्रिक, चिंचेतील टार्टारिक, लिंबातील सायट्रिक. ही सारी वेगळी आम्ले आहेत आणि वर सांगितलेले प्रयोग ॲसिटिक आम्लावर झालेले आहेत, त्यामुळे एकाचे निष्कर्ष दुसऱ्याच्या खात्यावर मांडता येत नाहीत. सोलकढी मी तिच्यासाठीच पिते, रक्तातील साखरेसाठी नाही.

आता माझ्या घरात दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. मेहेरआंटींच्या पद्धतीचे सिकंजबीन उन्हाळ्यात पाहुण्यांसाठी होते. ते सरबत म्हणूनच द्यायचे आणि सरबत म्हणूनच प्यायचे, लहान ग्लासात, काकडी भरपूर घालून. माझ्या स्वतःसाठी दुपारच्या कोशिंबिरीत लिंबाऐवजी चमचाभर उसाचा शिरका पडतो, वर मीठ, जिरेपूड आणि चुरडलेला पुदिना. काकडी आणि कांद्याला तो फार छान लागतो, टोमॅटोला तेवढा नाही. ज्या दिवशी प्यावेसे वाटते त्या दिवशी मोठ्या ग्लासात शिरका, पुदिना, काकडीचा कीस, सैंधव आणि चहाचा अर्धा चमचा मध घेते. मेहेरआंटींना हे बिनगोडीचे पेय चाखायला दिले तेव्हा त्यांनी “औषध आहे हे, सिकंजबीन नाही” असा निर्वाळा दिला आणि त्यांचे म्हणणे मला मान्य आहे.

जुलैतील तपासणीत माझे एचबीएवनसी ५.८ आले. त्या सहा महिन्यांत मी रात्रीचा भात सोडला होता आणि शिवाजी पार्कला रोज फेऱ्या मारत होते, त्यामुळे याचे श्रेय शिरक्याला देणे खरेपणाचे होणार नाही. युनानी दुकानातून आणलेल्या जांभळाच्या शिरक्याच्या बाटलीत वरच्या बाजूला एक पातळ, बुळबुळीत साय धरली आहे; जीवाणूंनी विणलेल्या सेल्युलोजची ती साय म्हणजे शिरका जिवंत असल्याची खूण आहे. त्याचे अनुमापन दिवाळीच्या सुट्टीआधी, बारावीची प्रात्यक्षिके लावताना, मुलांसमोरच करायचे ठरवले आहे. रंग उसाच्या शिरक्यापेक्षाही गडद जांभळा असल्यामुळे फिनॉल्फ्थॅलीनची गुलाबी छटा त्यात दिसणे कठीण आहे, आणि शिवाय जांभळातील रंगद्रव्य स्वतःच अल्कलीत रंग बदलते, म्हणून त्या वेळी पीएच मीटर वापरावा लागेल.